आटपाट नगराचं पाणी

आटपाट नगर होतं, एवढं लिहून
मी तीन आठवडे अडले.
नगराला पाणी कुठून येतं, ते ठरेना.

बरक्याच्या प्रकल्पात रात्रपाळीला
दर दोन तासांनी मी क्षारता नोंदवते.
समुद्र आत येतो, पडद्यांवर आपटतो,
निम्म्याहून कमी गोड होऊन मस्कतकडे जातो,
उरलेला अधिक खारट होऊन माघारी.
हे रोज बघणारीला
'राजवाड्यात कारंजी थुईथुई नाचत होती'
असं फुकटात लिहिता येत नाही.
कारंज्याखाली कुणाची तरी पाळी असणार.
त्याचा डबा गार झालेला असणार.

आवडता लेखक कोण, असं विचारतात.
मला त्याचं नाव माहीत नाही.
जामनेरच्या वाचनालयात ते पुस्तक
मुखपृष्ठ फाटलेलं, शेवटची सोळा पानं गायब,
मध्ये कुणीतरी वाळवलेलं पिंपळपान.
त्यातल्या राक्षसाची दाढ दुखायची.
सात समुद्रांपलीकडे पोपटात जीव सुखरूप,
आणि हा इकडे गालाला फडकं बांधून
रात्रभर येरझारा घालतोय.
मी नऊ वर्षांची. माझीही दाढ किडलेली.
त्या सोळा पानांचे शेवट
मी आजवर अकरा लिहिले.
त्यातले दोन छापून आले, वेगळ्या नावांनी.

दुसरी लेखिका मल्याळी. तिचं मला काहीच वाचता येत नाही.
स्टोअरमधला कुंजुमोन
व्हॉल्व्हच्या खोक्यावर बसून
तिचं एकेक पान हिंदीत सांगतो,
अडला की हातवारे करतो.
तिच्या यक्षिणीला मी त्याच्या बोटांवरून ओळखते.
माझं लिखाणही तो असंच ऐकतो,
आणि कंटाळला की
सरळ गास्केट मोजायला लागतो.
इतकी स्वच्छ समीक्षा मला कुठे मिळाली नाही.

पहिली कादंबरी सहाशे पानांची.
सगळे उडत होते. सगळे 'हे मानवा!' म्हणत होते.
पुण्याच्या प्रकाशकांनी परत पाठवली, सोबत एक ओळ:
आपल्या चेटकिणीला घरी कुणी बोलत नाही का?
मी रडले, मग चिडले,
मग जिजामावशी आठवली,
म्हशीला, मेव्हण्याला आणि देवाला
एकाच अहिराणीत झापणारी.
चेटकीण आता दारातच विचारते,
"कथा जाई राहिनी वं?"
अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कुठे'.
हे मला चाळीस वर्षं ठाऊक होतं
आणि कळलं मागच्या रमजानमध्ये,
इथे, खाऱ्या वाऱ्यात गाडीची काच पुसताना.

खलफान म्हातारा पूर्वी नाखवा होता.
आता किनाऱ्यावर जाळं विणतो,
माशांपेक्षा गप्पा जास्त धरतो.
त्याला मी माझा जिन्न वाचून दाखवला:
धुराचे खांदे, निखाऱ्याचे डोळे, दीड पान.
त्यानं खजूर पुढे केला.
म्हणाला, "तो कसा दिसतो ते राहू दे.
तुझी बकरी का ओरडली नाही?"
माझ्या गोष्टीत बकरीच नव्हती.
त्या रात्री घातली.
जिन्न चार ओळींत आटोपला,
आणि भीती वाटली, मलाच,
पंपघराच्या मागच्या दाराची.

नकाशा अजून नोंदतक्त्यांच्या पाठीवर आहे.
एक नदी चढावर वाहते.
ती दुरुस्त करायची की
तिला चढायला लावणाऱ्याला शोधायचं,
ठरलेलं नाही.

पहाटे चारची नोंद
आज चुकून कादंबरीच्या पानावर गेली:
क्षारता, तापमान, दाब, सही.
तिथे ती बरी दिसते, राहू देते.
प्रकल्पाच्या वहीत मात्र
चारच्या रकान्यात एक बाई दारात उभी आहे,
हातात रिकामी कळशी,
आणि सहाच्या पाळीचा इंजिनियर
जिन्यावरून वर येतोय.